झोपेची गोळी, प्राणायाम आणि डॉक्टर

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

नागपूरच्या उन्हाळ्यात झोप लागत नाही, ही तक्रार जुनीच आहे. पण पावसाळा लागल्यावरही रात्रभर कूस बदलत राहणारे, सकाळी उठावेसेच न वाटणारे आणि आवडीच्या कामातूनही मन उडालेले लोक माझ्या योगवर्गात नेहमी येतात. त्यांपैकी बहुतेकांना घरून-दारून दोनच सल्ले मिळालेले असतात : झोपेची गोळी घ्या, किंवा गोळ्या बंद करून प्राणायाम करा. पहिला सल्ला अपुरा आहे आणि दुसरा धोक्याचा, म्हणून हा पत्रप्रपंच.

निद्रानाश आणि उदासी एकमेकांना खतपाणी घालतात. दीर्घकाळ झोप न मिळालेल्या माणसाला नैराश्य येण्याचा संभव वाढतो आणि नैराश्यात झोप आणखी बिघडते. 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून शिफारस केली, ती गोळीची नव्हे, तर झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणाऱ्या वर्तनोपचाराची. त्यातील गोष्टी ऐकायला साध्या, पण पाळायला कठीण आहेत. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचे. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता मंद उजेडात बसायचे आणि डोळे जड झाले की परत आडवे व्हायचे. माझ्या वर्गातील एक काकू रात्री दर थोड्या वेळाने उशाजवळच्या घड्याळात पाहून 'आता चारच तास उरले' असा हिशेब करीत. घड्याळ स्वयंपाकघरात गेले आणि दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आली, तेव्हा त्यांची रात्र हळूहळू सावरली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलरसमोरची दुपारची झोप लांबतेच. रात्रीच्या झोपेतून ती वजा होते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

झोप लागताना शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते. उन्हाने तापलेल्या स्लॅबखाली ते उतरत नाही, म्हणून झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी आणि कूलरची हवा बाहेर जाण्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवावी. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर सकाळी फिरण्याचा लाभ केवळ पायांना होत नाही. डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ लावतो, आणि उदास मनाला घराबाहेर काढणे हाही उपचाराचाच भाग आहे. श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवला की हृदयाची गती मंदावते. योगनिद्रेनेही शरीराचा ताण सैलावतो. मात्र झोप आणायचीच या हट्टाने केलेला प्राणायाम माणसाला जागाच ठेवतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आता धोक्याविषयी. अल्प्राझोलामसारखी झोपेसाठी घेतली जाणारी गोळी औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाही. आणि बरेच दिवस घेतलेली अशी गोळी योगशिक्षकाच्या सांगण्यावरून एकाएकी बंद केल्यास आकडीचे (फिटचे) झटकेही येऊ शकतात. मोठ्याने घोरून दिवसा पेंगणाऱ्यांची झोपेतील श्वसनाची, तर सतत थकलेल्यांची थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी आधी व्हावी. जगणे नकोसे वाटत असेल, तर आसनांच्या भरवशावर एक दिवसही दवडू नये. १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्याची लाज वाटून कितीतरी घरे वर्षे घालवतात, याचे मला मनापासून दुःख होते.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. लग्नसराईत ती पाळली जावी, ही मागणीही आरोग्याचीच आहे.

महापालिकेला माझी विनंती आहे की, आपल्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक संध्याकाळ डॉक्टर, समुपदेशक आणि योगशिक्षक यांनी एकत्र बसावे. रुग्णाची चिठ्ठी तिघांनीही पाहावी आणि गोळी कमी करायची की नाही, हे केवळ डॉक्टरांनी ठरवावे. उद्यानांतील योगवर्ग चालवणारे आम्ही अनेक जण यासाठी विनामूल्य वेळ देण्यास तयार आहोत.

आपली नम्र,
एक योगशिक्षिका, नागपूर