गुरुवारच्या सुनावणीबद्दल, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता शांतता उभारणीच्या विषयावर संसदीय समिती आपलं म्हणणं ऐकणार आहे, वस्तीपातळीवरचे गट आणि बालहक्कवाले एकाच सत्रात आहेत त्यामुळे बोलायला वेळ कमीच मिळेल. १० पर्यंत गेटवर पोचा, ओळखपत्र विसरू नका. बोलणारे दोघंच, बाकीचे मागे बसतील.

लेखी निवेदन मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचंय, आपापले मुद्दे त्याआधी इथे टाका. माझ्या मते एक मुद्दा काही झालं तरी सुटता कामा नये: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१५ चा ठराव २२५० तरुणांना शांतता प्रक्रियेत जागा द्या म्हणतो, पण त्यात तरुण म्हणजे १८ ते २९, मग त्याखालच्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ आहे, मुलांचं मत ऐकून घेण्याचं, आणि कलम ३९, संघर्षात होरपळलेल्या मुलांना सावरण्याचं. दोन्ही कलमं निवेदनात हवीत.

आणि हे प्लीज पाळा:
- मुलांची नावं, फोटो, शाळा काहीही लिहू नका, समितीला दिलेलं निवेदन जाहीर होऊ शकतं.
- कुठल्याही मुलाला झालेला प्रसंग पुन्हा सांगायला लावू नका.

मागच्या बैठकीत एका मुलीने दोन वस्त्यांमधल्या रस्त्याचं चित्र काढलं होतं, दोन्हीकडे घरं आणि रस्त्यावर एकही माणूस नाही. तिची आणि घरच्यांची परवानगी मिळाली तर ते चित्र नाव न लिहिता सोबत नेऊ. कोण विचारतंय तिला? आजच कळवा.