‘एका गाण्याचा बँड’ म्हणण्यापूर्वी

महोदय,

रविवार पुरवणीतील युरोपीय पॉप संगीतावरच्या लेखात नेदरलँड्सच्या ‘निट्स’ या बँडची एका ओळीत बोळवण केली आहे: १९८७ साली एक गाणे गाजले, पुढे काही नाही. हे चूक आहे. शिवाय ते गाणे कसे घडले, हे सांगण्याजोगे असूनही लेखात आलेले नाही.

हा बँड १९७४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये उभा राहिला. गायक-गिटारवादक हेंक हॉफस्टेडे आणि ड्रमवादक रॉब क्लूट तेव्हापासूनचे. पहिला अल्बम त्यांनी १९७८ साली स्वतःच काढला. ‘ऑम्स्क’ (१९८३) या अल्बममधल्या ‘नेस्किओ’ गाण्याने देशात नाव झाले. एका अ‍ॅमस्टरडॅमकर लेखकाचे ते टोपणनाव. इंग्रजीत गायचे, पण विषय आपल्या शहरातले घ्यायचे, ही त्यांची रीत. तोवर कीबोर्डवर रॉबर्ट यान स्टिप्स आले होते. ‘सुपरसिस्टर’ बँडमध्ये तयार झालेला, ध्वनिमुद्रण आतून जाणणारा हा वादक. म्हणजे गाजलेल्या गाण्यामागे तेरा वर्षांची मेहनत होती.

ते गाणे म्हणजे ‘इन द डच माउंटन्स’. (नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवरचा सर्वांत उंच माथा जेमतेम ३२२ मीटरचा, तेव्हा हे डोंगर कल्पनेतलेच.) याच नावाचा सगळा अल्बम त्यांनी ‘दे वेर्फ’ या आपल्या स्टुडिओत थेट दोन ट्रॅकवर (ट्रॅक म्हणजे ध्वनीची स्वतंत्र पट्टी), एकही ओव्हरडब न करता, म्हणजे नंतर वरून काहीही न भरता, मुद्रित केला. यातली जोखीम ध्वनिमुद्रक लगेच ओळखतील. चोवीस ट्रॅकवर प्रत्येक वाद्य वेगळे राहते. आवाज नंतर कमी-जास्त करता येतो, बेसूर ओळ पुन्हा गाता येते. दोन ट्रॅक म्हणजे फक्त डावा आणि उजवा. गायन, ड्रम, कीबोर्ड यांचे प्रमाण आणि प्रतिध्वनी वाजवतानाच मिक्सरवर ठरतो आणि तसाच गोठतो. शेवटच्या कडव्यात एकाचा ठोका चुकला, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एकाच खोलीत वाजवताना ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो. हे लीकेज आवरायचे तर माइकची जागा आणि कोन आधी पक्के हवेत आणि ड्रमवादकाचा हात हलका हवा. क्लूट यांचा हात तसाच आहे: झांजांचा मारा नाही, दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा. वर्षानुवर्षे एकत्र वाजवलेल्या मंडळींनाच हे जमते. भाड्याचे वादक आणून ते होत नाही.

त्यानंतर ‘काही नाही’ कसे? १९८९ साली ‘उर्क’ हा भरगच्च लाइव्ह अल्बम आला. १९९२ साली ‘टिंग’ आला आणि माझ्या मते हेच त्यांचे सर्वोत्तम काम: रॉक बँडचा नेहमीचा थाट बाजूला ठेवून पियानो आणि विरळ तालवाद्ये. स्टिप्स १९९६ साली बाहेर पडले, २००३ साली परतले. मधल्या काळातही ‘अलांकोमात’ (१९९८) आणि ‘वूल’ (२०००) आले. पहिल्याचे नाव फिनिश भाषेतले, कारण फिनलंडमध्ये त्यांना निष्ठावान श्रोते मिळाले. मे २०२२ मध्ये ‘दे वेर्फ’ आगीत जळाला, वाद्ये आणि जुना संग्रह गेला. त्याच वर्षी ‘निऑन’ अल्बम प्रसिद्ध झाला आणि पुढे आगीवर बेतलेल्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिकाही.

एवढे करूनही नाव दूर का गेले नाही? दर अल्बमला वाद्यमेळ बदलला की रेडिओवाल्यांना बँड कोणत्या खान्यात ठेवावा ते कळत नाही, आणि आदल्या अल्बमवर जमलेला श्रोता पुढच्याला बिचकतो. त्यात देश लहान. ही किंमत त्यांनी मोजली, आणि ती मोजणाऱ्यांना ‘विझले’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ऐकू इच्छिणाऱ्यांनी गाजलेल्या गाण्यावर न थांबता तो अख्खा अल्बम हेडफोनवर, सलग ऐकावा. वाद्ये एकाच खोलीत असल्याचे जाणवते. मग ‘टिंग’. ‘उर्क’ त्यानंतर, कारण मूळ गाणी ओळखीची झाली की मंचावर त्यांनी काय बदलले ते कळते.

लेखाच्या इंटरनेट आवृत्तीत ती ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे