अनुभव नाही? मग प्रात्यक्षिकं लिहा

संपादक महोदय,

सुट्टीतल्या संशोधन इंटर्नशिपसाठी येणारे विद्यार्थ्यांचे सीव्ही मी वाचते. बहुतेकांची सुरुवात ठरलेली : ‘मला संशोधनाचा अनुभव नाही, पण मी मेहनती, जिज्ञासू आणि टीम प्लेयर आहे.’ अहो, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अनुभव असणार कुठून? तो नाही हे धरूनच आम्ही जागा काढतो. अडचण होते ती विशेषणांची. कागदावर मेहनती सगळेच असतात.

एका मुलीला मी लगेच बोलावलं. तिच्या सीव्हीत ‘अनुभव’ हा मथळाच नव्हता. ‘प्रात्यक्षिकं व प्रकल्प’ होता. खाली कांद्याच्या मुळांच्या टोकांची स्लाइड. अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवली, पण पेशी एकमेकींवर चढलेल्या. मग टोकं हायड्रोक्लोरिक आम्लात जरा जास्त वेळ ठेवली, थर सुटा झाला आणि १६ गुणसूत्रं मोजता आली. हा प्रयोग कुणी केलेला नसतो? पण बिघडल्यावर पुढे काय केलं, हे लिहिणारे विरळाच.

संगणकाचंही तेच. ‘पायथन ८० टक्के’ अशा पट्ट्या रंगवलेल्या असतात. शंभर टक्के कुणाला येतं, तेही कळवा म्हणावं! त्यापेक्षा ‘स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) रीडिंग्जवरून पायथनमध्ये स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या नमुन्यांचा आलेख) काढला, त्यावरून अज्ञात नमुन्याची संहती (द्रावणातलं प्रमाण) काढली’ एवढी एक ओळ पुरते. घरी व्हिडिओ बघून शिकलात तरी चालेल.

बाकी एक पान, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. महोत्सवाचा हिशेब सांभाळला असेल तर जरूर लिहा. नोंदी नीट ठेवणारं माणूस आम्हाला हवंच असतं. सोबतच्या ई-मेलमध्ये त्या प्रयोगशाळेच्या एखाद्या शोधनिबंधातलं न कळलेलं काहीतरी विचारा. एकच मजकूर पन्नास प्राध्यापकांना, तोही सगळ्यांचे पत्ते दिसतील असा, कृपया नको.

करिअरच्या पानांवर छापून येणारे सीव्हीचे नमुने नोकरीचे असतात. ‘नामांकित संस्थेत प्रगती साधणे’ हे ध्येय वाचून मला त्या मुलाला पिपेट धरता येतं का, ते कळत नाही. आपण संशोधनासाठीचा एखादा नमुना छापावा.

आणि चुकलेली रीडिंग्ज खोडून ‘फेअर’ जर्नल लिहून घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती : कच्ची वही फेकायला लावू नका. सीव्ही लिहायला बसल्यावर मुलांना तीच लागते.

– वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका