चवली म्हणजे दोन आणे

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात ‘चार आण्यांचे नाणे, तीन अक्षरे’ अशी सूचना होती. मी ‘पावली’ लिहून मोकळा झालो. पण तिथून खाली उतरणारा उभा शब्द काही केल्या जुळेना. आज उत्तर छापून आलं : ‘चवली’! अहो, चवली दोन आण्यांची. चार आण्यांची ती पावली आणि आठ आण्यांची अधेली. ‘चव’ कानावर पडलं की चौकट, चौपट आठवते आणि लोक चार धरून चालतात, हे खरं. पण कोडं रचणाऱ्यानं तरी एकदा जुन्या माणसाला विचारावं!

माझी हयात सांगलीच्या गणपती पेठेत, हळद-गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून, म्हणजे हिशेब लिहिण्यात गेली. वडीलही दिवाणजीच. त्यांच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आण्याला एक तिरकी रेघ, चवलीला दोन, तीन आण्यांना तीन. चार आणे झाले की तिरक्या रेघा संपल्या, एक उभी दंडी मारायची. ती पावली, रुपयाचा पाव हिस्सा. दोन दंड्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पाच रुपये सहा आणे लिहायचे तर पाचापुढे एक दंडी आणि दोन तिरक्या रेघा. म्हणजे एक पावली, एक चवली. हीच दंडी शेराला आणि मणालाही चालायची, म्हणून पावशेर आणि पावली एकाच घरातले. पैसासुद्धा पाव आणाच. इंग्रजांच्या तांब्याच्या पैशावर ‘क्वार्टर आणा’ असंच छापलेलं असे. त्याच्या दुप्पट तो ढब्बू. आता ढबू म्हटलं की पोरांना मिरचीच आठवते.

हातालाही कधी गफलत व्हायची नाही. माझ्या लहानपणीची चवली चौकोनी, कोपरे गोलावलेली. आण्याची कडा नागमोडी, पावली गोल. अंधारात खिशात हात घालून मोजावीत. चवली आधी चांदीची होती. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली ती तांबं-निकेलची आणि चौकोनी झाली. धातू बदलला, आकार बदलला, नाव तेच.

सरकार नाण्यावर आकडा छापतं, नाव पेठ ठेवते. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, यंत्रावर पाडलेला कलदार, व्हिक्टोरियाचं तोंड असलेला राणीछाप. मोड न केलेला तो बंदा, आणि आमच्याकडे बंदा रुपया म्हणून माणसाचंही कौतुक होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, आणा हिशेबातून गेला, तरी पंचवीस नव्या पैशांना सगळे चार आणेच म्हणत राहिले. बारा आण्यांचं नाणं तर इंग्रजांनीही काढलं नव्हतं, पण ‘बाराणे’ होतेच की तोंडात! पंचवीस पैसे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले.

आताच्या नाण्यांना नावच नाही. ‘पाचाचं’, ‘दहाचं’, बस्स. त्यातलं दहाचं तर काही दुकानदार घेतच नाहीत. चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगून झालं, तरी आपली मान हलवतात. हा विषय वेगळा आहे, पण कालच भाजीवाल्यापाशी वाद झाला म्हणून लिहिलं.

कोड्याचं म्हणाल तर उभा शब्द ‘चकली’ आहे, त्यामुळे तिथे ‘पावली’ बसायची नाही. शब्द तसाच राहू द्या; सूचनेत ‘चार’च्या जागी ‘दोन’ करून दुरुस्ती छापा. आणि ज्यांनी ‘पावली’ लिहून पाठवलं त्यांना बक्षिसाच्या सोडतीतून बाद करू नका.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, सांगली