नातवंडांची शाळा बंद होतेय

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शाळाच राहिली नाही तर पोरांच्या धर्माचं काय?" तेव्हा दोन्ही मुलं शेजारीच उभी होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. तुमचा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

बातमी खरी आहे. जूनमध्ये वर्ष संपलं की इथे फिलाडेल्फियात आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चची, कॅथलिक शाळा कायमची बंद होणार. आधी पत्र आलं, मग हॉलमध्ये पालकांची सभा झाली. पटसंख्या निम्म्यावर आलीय, छपराच्या दुरुस्तीला पैसे नाहीत, फी आणखी वाढवली तर उरलेली मुलंही जातील, असं सांगितलं गेलं. माझ्या मागच्या रांगेतल्या एक आजी याच शाळेत शिकलेल्या, त्यांची मुलं इथेच शिकली, आता नात पाचवीत आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की हे आम्हाला दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर आम्ही दारोदार फिरलो असतो. त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलंत, म्हणून तुम्हाला हे जास्त समजेल. फिलाडेल्फियातल्या या शाळा श्रीमंतांनी बांधलेल्या नाहीत. १८४४ साली या शहरात दंगली झाल्या. त्या वेळी सरकारी शाळांतून प्रोटेस्टंट बायबल वाचून घेत. इथले कॅथलिक बिशप केनरिक यांनी मागणी केली, की कॅथलिक मुलांना त्यांचं स्वतःचं बायबल वाचू द्या. त्यावरून अफवा उठल्या, माणसं मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चेस जाळली गेली. त्यानंतर आठ वर्षांनी जॉन न्यूमन इथे बिशप म्हणून आले. बोहेमियाहून आलेले, अनेक भाषा जाणणारे. त्यांनी विखुरलेल्या धर्मग्रामांच्या शाळा एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या, व्यवस्थेखाली आणल्या. अमेरिकेतली अशी ती पहिली व्यवस्था. पुढे १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत सगळ्या बिशपांनी ठरवलं, की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा उभी राहिलीच पाहिजे. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन मजुरांनी आठवड्याच्या पगारातून नाणी काढून त्या बांधल्या. आई, न्यूमन आता संत आहेत. सेंट पीटर चर्चमध्ये काचेच्या पेटीत त्यांचं शरीर ठेवलंय, मुलांना आम्ही तिथे नेलं होतं.

मग एवढ्या कष्टाने उभं केलेलं मोडलं कसं? साठच्या दशकाच्या मध्यावर या देशात सुमारे १३,००० कॅथलिक शाळांत ५२ लाख मुलं शिकत होती. आज शाळा ६,००० हून कमी आणि मुलं १७ लाखांच्या आसपास. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे शिकवणाऱ्या सिस्टर कमी झाल्या. तेव्हा अमेरिकेत जवळपास १,८०,००० धर्मभगिनी होत्या, आज ४०,००० सुद्धा नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या बहुतेक वयस्क. त्या नाममात्र मोबदल्यावर शिकवत, शाळेशेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये राहत. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले. तेही मन लावून शिकवतात, पण त्यांना घर चालवायचं असतं, मुलं वाढवायची असतात, त्यांना योग्य पगार द्यायलाच हवा. तो पगार फीमधून येतो. फी वाढली की साधी कुटुंबं आधी बाहेर पडतात. जुनी कुटुंबं उपनगरांत राहायला गेली, शहरातली चर्चेस रिकामी झाली. २०१२ च्या जानेवारीत या एका धर्मप्रांतात चाळीसहून जास्त प्राथमिक शाळा आणि चार हायस्कूल बंद किंवा विलीन करण्याची शिफारस एकदम जाहीर झाली होती. चारही हायस्कूल माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदारांनी पैसे उभे करून वाचवली, काही प्राथमिक शाळाही अपिलात वाचल्या. कोविडच्या वर्षात तर देशभरात दोनशेच्या वर शाळा गेल्या.

याचा मला राग आहे, बाबा, आणि तो मी लपवत नाही. शहरातल्या, स्थलांतरितांच्या, गरिबांच्या शाळा आधी बंद होतात, आणि ज्यांच्या शेजारी मोठी घरं आहेत त्या टिकतात. शाळा सुरू झाल्या त्या नेमक्या उलट कारणासाठी. दुसरा रस्ता नाही असंही नाही. कॅन्ससमधल्या विचिटा धर्मप्रांतात जी कुटुंबं चर्चच्या कामात आणि दानात नेमाने भाग घेतात त्यांच्या मुलांना फी नसते. शाळेचा खर्च सगळं धर्मग्राम मिळून उचलतं, ज्यांना मुलं नाहीत तेसुद्धा. शिकागोत जेझुइट धर्मगुरूंनी १९९६ साली क्रिस्तो रे नावाचं हायस्कूल काढलं, तिथली मुलं आठवड्यातून एक दिवस कचेऱ्यांत काम करून फीचा मोठा भाग स्वतः कमावतात. आज अशी हायस्कूल अनेक शहरांत आहेत. शाळा ही ज्यांची मुलं तिथे शिकतात त्यांचीच जबाबदारी, असं मानलं की ती बुडणारच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही ज्या शाळेत शिकवलंत तिथे माझ्या वर्गात निम्मी मुलं हिंदू होती, दोन-तीन मुसलमानही होती. तुम्ही नेहमी सांगायचात, की घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे अनुदानित शाळेत कुणावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे मला माझा धर्म शाळेच्या वेळापत्रकातून फारसा मिळालाच नाही. मग कुठून मिळाला? संध्याकाळची घंटा झाली की आई हातातलं काम ठेवून उभी राहायची. ऑक्टोबरात वाडीतल्या एकेका घरी जपमाळ व्हायची आणि आम्ही मुलं शेवटच्या खाऊसाठी का होईना, पण पूर्ण पन्नास नमो मरिया म्हणायचो. मे महिन्यात क्रुसापाशी नऊ दिवसांची नोव्हेना. कुणी वारलं की सगळा गाव दारात. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आई घ्यायचीच, पण त्या वर्गात जे शिकवलं जायचं ते आठवडाभर डोळ्यांसमोर चाललेलं असायचं. वसईत धर्म गावाने शिकवला.

इथे गाव नाही. शेजारच्या घरात कोण राहतं ते नावापुरतं माहीत. म्हणून इथे शाळाच गाव होती. सकाळी पाढ्यांच्या आधी प्रार्थना, राखेच्या बुधवारी अख्ख्या शाळेच्या कपाळावर राख, सर्व संतांच्या सणाला थोरलीने इथल्याच सेंट कॅथरिन ड्रेक्सेलचा वेश केला होता. एका वर्गमित्राचे वडील वारले तेव्हा सगळी मुलं चर्चमध्ये मिस्साला गेली. मरणाबद्दल धाकट्याने मला पहिला प्रश्न त्या दिवशी विचारला. हे कुठल्याही पुस्तकात बसत नाही. जाणार आहे ते हे, आणि ते मोठं नुकसान आहे. 'घरी शिकवू, काही बिघडत नाही' असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आम्ही दोघांनी ठरवलंय ते असं. जवळची दुसरी कॅथलिक शाळा हायवेवरून लांब आहे, दोघांची फी झेपणार नाही आणि तुमचे जावई रात्रपाळीला असतात. म्हणून मुलं सप्टेंबरपासून सरकारी शाळेत जातील. शाळा चांगली आहे. तिथे प्रार्थना नसते. बायबलचं सक्तीचं वाचन थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा खटला तर आमच्या जवळच्याच अ‍ॅबिंग्टनचा. १८४४ ची दंगल वाचल्यावर मला वाटतं, की सरकारी शिक्षकाने माझ्या मुलाला प्रार्थना शिकवू नये हेच बरं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सांगितलं, की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबापच.

पण एकट्या आईबापांना ते जमत नाही, म्हणून गाव जमवायचा प्रयत्न चाललाय. शाळेतली चार कुटुंबं, एक केरळचं, एक फिलिपिनो, एक मेक्सिकन आणि आम्ही, शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांकडे जमणार. जेवण, जपमाळ, मुलांचा दंगा. रविवारी सकाळी धर्मग्रामाचा वर्ग असतो, त्याला इथे 'प्रेप' म्हणतात. धाकट्याचं पहिलं कम्युनियन याच वर्षी आहे, आणि दुसरीचा तो वर्ग घ्याल का असं फादरनी मला विचारलं. मी हो म्हटलंय.

आई, इथे तुझी मदत लागेल. सात वर्षांच्या मुलांना तू पवित्र भाकरीबद्दल कसं सांगायचीस ते मला आवाजी संदेशात पाठव. तू शेतातल्या भातापासून सुरुवात करायचीस एवढं आठवतंय, पुढचं हवंय. पापांची कबुली द्यायला, कन्फेशनला, घाबरणाऱ्या मुलांना काय सांगायचीस तेही.

आणि बाबा, शनिवारी तुमच्याकडे रात्र आणि आमच्याकडे सकाळ असते तेव्हा व्हिडिओवर अर्धा तास मुलांना द्या. एक दहाचा जप मराठीतून, मग एक गोष्ट. सुरुवात संत गोन्सालो गार्सियापासून करा. न्यूमन मुलांना पाठ आहेत, पण आपल्या वसईत जन्मलेला, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मेलेला आणि १८६२ साली संत झालेला माणूस त्यांना नावानेही माहीत नाही. थोरली प्रश्न फार विचारते, किल्ल्यापासून जपानपर्यंत नकाशा हाताशी ठेवा.

तुमच्या जुन्या शाळेच्या मराठी वर्गांत यंदा किती मुलं आली, तेही कळवा. मागच्या वेळी तुम्ही उत्तर टाळलंत.

पहिलं कम्युनियन मे महिन्यात असेल, तारीख ठरली की कळवते. तुम्ही दोघांनी यायचंच आहे. पासपोर्टची मुदत आताच बघून ठेवा, आणि बाबा, गुडघ्याचं डॉक्टरांना त्याआधी दाखवून घ्या.

तुमची लेक