रात्रीची धाप म्हणजे दमाच नव्हे

मा. संपादक,

थंडी सुरू झाली की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यांत रात्री धाप लागलेले रुग्ण वाढतात. चुलीच्या धुराने छाती भरलेल्या माणसाला दमाच असणार असे धरून वाफ दिली जाते, वर ‘अशक्तपणा’साठी सलाईन. पण हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद घटल्याने, फुफ्फुसात पाणी उतरलेले असेल तर तीच बाटली जिवावर बेतते.

छातीत सूं-सूं आवाज दोन्हींत येतो. म्हणून आधी विचारावे: आडवे झाल्यावर धाप वाढते का, उशा किती लागतात? मानेच्या शिरा आणि पायांची सूज पाहावी. ईसीजी पूर्ण नॉर्मल असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच घटते. एक्स-रेवर मात्र भिस्त नको. जवळपास पाचातल्या एका रुग्णाचा फोटो स्वच्छच येतो.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) ही रक्ततपासणी मुख्यतः शंका काढून टाकायला उपयोगी. मिलिलिटरला ३०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर बहुधा कारण दुसरे. निदान पक्के करायला वय पाहावे लागते: पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १८०० च्या वर आकडा हवा. लठ्ठ माणसात आकडा फसवा कमी येतो. किडनी बिघडली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर उगाच चढतो.

आमच्या मते खाटेशी सर्वांत कामाची फुफ्फुसाची सोनोग्राफी. पोटाचाच प्रोब घेऊन प्रत्येक बाजूच्या चार जागा पाहायच्या. फुफ्फुसाच्या आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत न विरता जाणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या रेषा एका जागी तीन किंवा जास्त, आणि अशा जागा दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन दिसल्या, तर पाणी साचल्याचे धरावे. एकाच बाजूला रेषा असतील तर न्यूमोनियाचा विचार करावा. फुफ्फुसाचे आवरण खडबडीत दिसले तर जुन्या फायब्रोसिसचा (वण पडून फुफ्फुस कडक होण्याचा). इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) कारण कळते, पण त्यासाठी लातूर-अंबाजोगाईची वाट धरण्याआधी ऑक्सिजन द्यावा आणि रक्तदाब पाहून लघवीचे इंजेक्शनही.

अडचण सोनोग्राफी यंत्र नसण्याची नाही, ते कुलपात असण्याची आहे. गर्भलिंगनिदान कायद्याची नोंदणी हवीच. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, हे विसरता येत नाही. पण नोंदणीकृत आवारात भरती रुग्णासाठी पोर्टेबल यंत्र वापरायला नियमांत जागा आहे. ग्रामीण रुग्णालयांत ते रात्री ड्युटीवरच्या प्रशिक्षित डॉक्टरच्या हाती, नोंदवहीसह, मिळावे असा आदेश आरोग्य विभागाने काढावा.

– ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर, बीड जिल्हा