न दिसणारी अक्षरं आधी दाखवा तरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठी नावांच्या याद्या कॉम्प्युटरवर जुळवायचं काम मी करतो, आणि त्यात जो त्रास रोजचा झालाय त्याबद्दल लिहितोय, कारण दरवेळी बोलणी बसतात टाइप करणाऱ्याला आणि खरा घोळ स्क्रीनवर दिसतच नाही.

मध्यंतरी एका शिष्यवृत्तीच्या यादीत एका मुलीचं नाव दुसऱ्या यादीशी काही केल्या जुळेना. आडनाव दोन्हीकडे हेच, वऱ्हाडे आणि वर्‍हाडे. बघा, काही फरक दिसतोय? एक्सेलमध्ये लेन हे अक्षरं मोजणारं फंक्शन लावलं तर पहिल्याची लांबी ७ येते आणि दुसऱ्याची ८! पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला असतो तो) २३५३, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे येतं ते, आणि त्यापुढे हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह; तर दुसऱ्यात साधा र, मग हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक कॅरेक्टर, ज्याला रुंदीच नाही. मिड आणि युनिकोड ही दोन फंक्शन्स वापरून चौथ्या जागी काय आहे विचारलं की ८२०५ येतं, तोच त्या जॉइनरचा नंबर. पण हे करायला सुचणार कोणाला, ऑफिसात सगळे म्हणतात ट्रिम मार, क्लीन मार. ट्रिम फक्त साधी स्पेस काढतं आणि क्लीन फक्त ० ते ३१ नंबरची कंट्रोल कॅरेक्टर्स, त्यामुळे हा जॉइनर जागचा हलत नाही आणि वेबपेजवरून कॉपी केलेली १६० नंबरची स्पेसही तशीच राहते.

प्रोग्रामर मंडळींकडे बघायची साधनं आहेत पण तीही इंग्रजीच्या हिशोबाने केलेली. लिनक्सवर फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला न दिसणारं दाखवणारा व्ही हा पर्याय लावला तर अख्खं मराठी नावच एम-एम करत कचरा होऊन येतं, त्यात जॉइनर कुठे शोधायचा? त्यापेक्षा पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं रेप्र हे फंक्शन बरं, मराठी मराठीच राहतं आणि फक्त न दिसणारं तेवढं कोड म्हणून दिसतं. मला वाटतं प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरमध्ये नेमकं असंच हवं. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य कॅरेक्टर्स टाकून प्रोग्राममध्ये वाटेल ते लपवता येतं, त्यानंतर प्रोग्राम ठेवायच्या गिटहबसारख्या साइटवर लगेच इशारे दिसायला लागले. म्हणजे मनात आणलं तर होतं.

आणि कृपा करून यावर उपाय म्हणून सगळी अदृश्य कॅरेक्टर्स सरसकट उडवू नका. वरच्या दुसऱ्या आडनावातला जॉइनर काढला तर त्याचं रफार होऊन वर्हाडे होतं, गोऱ्हे, कुऱ्हाडे सगळ्यांचं तेच, म्हणजे माणसाचं आडनावच बिघडलं ना. जॉइनर काढताना त्याच्या आधीच्या साध्या र चा ऱ करायला हवा, आणि त्यासाठी जॉइनर कुठे आहे ते आधी दिसायला हवं.

सरकारी पोर्टल करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की नुसतं 'नाव जुळत नाही' असा मेसेज देऊ नका, चौथ्या जागी ८२०५ आहे हे तिथेच रंगीत खूण करून दाखवा, मग खिडकीवरचा ऑपरेटरच ते दुरुस्त करेल आणि त्या मुलीला नवीन दाखला आणायला परत पाठवावं लागणार नाही.

आपला,
एक वाचक